प्रकल्प फुजी : एका वहीतल्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

कारखान्यात नवं काम आलं की पहिल्या दिवशी वही उघडायची, ही सत्तावीस वर्षांची सवय. रबाळ्याला एमआयडीसीत प्लॅनिंग खात्यात आजवर दुसऱ्यांच्या तारखा पाळल्या. ही वही पहिल्यांदाच घरच्या कामासाठी.

काम : जपानचा फुजी पर्वत चढून उतरणे. माणसं दोन. मी, वय ५१, वर्तकनगर, ठाणे. आणि ताई, वय ५९, नेरूळ. ताई शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त. ज्वालामुखीचा उभा छेद तिने फळ्यावर शेकडो वेळा काढला. लाल खडूने शिलारस, पिवळ्याने राख. प्रत्यक्षात एकही ज्वालामुखी पाहिलेला नाही. काल जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाली, "अरे, एकदा त्या छेदाच्या तोंडाशी जाऊन आत डोकावायचंय." सहज बोलून गेली. मीच मनावर घेतलं.

फुजीच का, तेही लिहून ठेवतो, नंतर वाद नको. अंदमानचं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, पण तिथे उतरता येत नाही, बोटीतून लांबूनच बघायचा. किलिमांजारो ५८९५ मीटर. खर्च आणि दिवस दोन्ही आवाक्याबाहेर. बालीचा बातूर १७१७ मीटर. त्यावर ताई म्हणाली, "म्हणजे कळसूबाईपेक्षा ७१ मीटर जास्त. त्यासाठी विमान?"

१९ जानेवारी, रविवार

आज आकडे मांडले. फुजी ३७७६ मीटर, कळसूबाई १६४६. योशिदा वाटेने गेलं तर गाडीरस्ता पाचव्या टप्प्यापर्यंत नेऊन सोडतो, तो टप्पा २३०५ मीटरवर. म्हणजे बसमधून पाय खाली ठेवला की कळसूबाईच्या डोक्यावर साडेसहाशे मीटर! उरली १४७१ मीटरची चढाई. सरासरी माणसाला चढायला सहा तास, उतरायला चार.

वाटा चार : योशिदा, सुबाशिरी, गोतेम्बा, फुजिनोमिया. पाट्यांचे रंग अनुक्रमे पिवळा, लाल, हिरवा, निळा. गोतेम्बाची वाट १४४० मीटरपासून सुरू होते, ती लगेच बाद. फुजिनोमिया २४०० पासून आणि सगळ्यांत आखूड, पण चढणारे-उतरणारे त्याच वाटेवर समोरासमोर. योशिदावर गर्दी सर्वाधिक, पण मुक्कामाच्या झोपड्याही सर्वाधिक, मध्ये प्रथमोपचाराची सोय आणि उतरायची वाट वेगळी. दोघांचं मिळून वय ११०, तेव्हा योशिदा. पिवळी पाटी.

योशिदाचा हंगाम १ जुलै ते १० सप्टेंबर. एरवी वर बर्फ, झोपड्या बंद. आपल्याकडचे पावसाळी ट्रेकचे दिवस तेच त्यांचे चढाईचे दिवस.

९ फेब्रुवारी, रविवार

सराव सुरू. एक मजला तीन मीटरचा धरला तर १४७१ मीटर म्हणजे ४९० मजले. आमची इमारत चौदा मजल्यांची, म्हणजे पस्तीस फेऱ्या. आज सहा झाल्या. तिसऱ्या फेरीला वॉचमन काळजीने म्हणाला, "साहेब, लिफ्ट चालू आहे."

ताईला फोनवर सांगितलं तर तिचा तास सुरू झाला. आपल्या दगडाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा स्वीडिश भाषेतला जिन्याचा शब्द. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. मऊ थर झिजले, कठीण राहिले, म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. "म्हणजे तू जिनाच चढतोयस. चालू ठेव."

२ मार्च, रविवार

येऊरचा डोंगर, ठाण्यातलाच. सकाळी उपवनवरून वर. ताई नेरूळहून पहिल्या ट्रान्स-हार्बर लोकलने आली. पुढच्या रविवारी मामा-भांजे. पाठीवर चार लिटर पाणी घेतलं. चढताना ताई माझ्यापुढे, उतरताना मागे. उजवा गुडघा.

१६ मार्च, रविवार

यंदा नियम बदललेत. चारही वाटांवर माणशी ४००० येन शुल्क. गेल्या वर्षी सक्तीची वसुली फक्त योशिदावर होती, २००० येन. साठ पैशांचा येन धरला तरी दोघांचे पाच हजार रुपये नुसत्या फाटकाचे. योशिदावर दिवसाला ४००० माणसांची मर्यादा आहेच. दुपारी २ ते पहाटे ३ फाटक बंद, झोपडीचं आरक्षण असेल तरच आत. हे 'गोळी-चढाई'वाल्यांना रोखायला. संध्याकाळी निघून न झोपता रात्रभर चढायचं, सूर्योदय बघून उतरायचं, याला तिकडे हेच नाव आहे. आपली मुलं ट्रेकसाठी शुक्रवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडतात त्यातलाच प्रकार. मीही पकडलीय. पण कसाऱ्याहून निघून हवा विरळ होत नाही.

ताईने आज दुसराच विषय काढला. फळ्यावर ती तीन रकाने काढायची : जागृत, निद्रिस्त, मृत. फुजीचा शेवटचा उद्रेक १७०७ मधला. आधी ऑक्टोबरात मोठा भूकंप, मग ४९ दिवसांनी, १६ डिसेंबरला, आग्नेयेच्या उतारावर नवं तोंड फुटलं. राख शंभर किलोमीटरवरच्या एदोवर, म्हणजे आजच्या टोकियोवर, पडली. त्यानंतर तीनशे वर्षं शांत. म्हणून जपानमध्येही शाळेत फुजीला निद्रिस्त म्हणायचे. पुढे त्यांनी तो रकानाच पुसला. २००३ पासून गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत जो फुटला तो जागृत, एवढंच. असे १११ आहेत त्यांच्याकडे. "तीनशे वर्षं म्हणजे डोंगराला दुपारची डुलकी," ताई म्हणाली. मग जरा गप्प झाली. किती वर्गांना निद्रिस्त सांगितलं ते मोजत असावी.

माझा प्रश्न साधा होता : मग जायचं का? जायचं. तिकडचं हवामान खातं इशाऱ्याची पातळी १ ते ५ अशी लावतं, सध्या १ आहे. दर सोमवारी बघायची. वहीत रकाना आखला.

१३ एप्रिल, रविवार

तारखा ठरल्या. तिकडचा पाऊस, 'त्सुयु', टोकियोच्या बाजूला साधारण २० जुलैच्या सुमारास संपतो. २१ जुलैला सोमवारी त्यांची समुद्रदिनाची सुट्टी, म्हणजे १९ ते २१ जोडून सुट्ट्या आणि वाटेवर रांगा. ऑगस्टच्या मध्याला त्यांचा पितरांचा सण, तेव्हा पुन्हा गर्दी. म्हणून मंगळवार २२ ला चढायचं, बुधवारी २३ ला उतरायचं. एक दिवस, २४, पावसासाठी मोकळा. असा मोकळा दिवस न ठेवता केलेलं कुठलंही वेळापत्रक मी कारखान्यात पास करत नाही.

झोपडीचं आरक्षण आज केलं. आठव्या टप्प्याजवळची. दोन माणसं, रात्रीचं जेवण, सकाळचा डबा. पैसे आधी भरावे लागले.

२८ एप्रिल, सोमवार

पातळी १. बातमी वाचली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. हंगाम नसताना एक विद्यार्थी फुजीवर गेला, अडकला, हेलिकॉप्टरने खाली आणला. चार दिवसांनी पुन्हा वर गेला, कारण फोन वर राहिला होता! पुन्हा आजारी पडला, पुन्हा सोडवून आणला. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू हसू नकोस. येऊरला पाण्याची बाटली विसरून कोण परत गेलं होतं?"

११ मे, रविवार

वाईट दिवस. चूक माझी, म्हणून सविस्तर.

ताई नकाशा छापून घेऊन आली. शिक्षिकेची सवय, प्रत्येक ठिकाणी पेन्सिलने खूण. झोपडीचं नाव विचारलं. मी सांगितलं. योशिदाच्या वाटेवर ती वर-खाली शोधत राहिली, सापडेना. मग चष्मा वर करून म्हणाली, "हा आठवा टप्पा कुठल्या वाटेवरचा?"

चारही वाटांना आपापले टप्पे आहेत. प्रत्येकीचा पाचवा वेगळा, आठवा वेगळा, आणि मी आरक्षण केलेला आठवा होता फुजिनोमियाचा. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. बसने योशिदाला उतरलो असतो आणि झोपडी डोंगरापलीकडे! सत्तावीस वर्षं प्लॅनिंग.

रद्द केलं, थोडे पैसे कापले गेले. नवीन आरक्षण योशिदावर, ३१०० मीटरच्या आसपासची झोपडी. या वेळी ताईने नकाशावर बोट ठेवलं आणि मग मी बटण दाबलं. यापुढे प्रत्येक आरक्षणाला दोन सह्या.

याच नकाशावर दुसरं एक सापडलं. वरून उतरताना योशिदा आणि सुबाशिरी या दोन वाटा आठव्या टप्प्यापर्यंत एकच आहेत, तिथे फुटतात. दमलेली माणसं खाली मान घालून चालतात आणि लाल पाटीमागे जाऊन भलत्याच गावात उतरतात. ताईने त्या जागी पेन्सिल सोडून पेन वापरलं.

२६ मे, सोमवार

पातळी १. मान्सून आजच मुंबईत दाखल, दोन आठवडे आधी. ट्रान्स-हार्बर रखडली, घरी पोहोचायला साडेनऊ. पण प्रकल्पाच्या दृष्टीने फायदा : ओल्यात चालायचा सराव दोन आठवडे जास्त मिळेल.

१४ जून, शनिवार

कळसूबाई. मुद्दाम शनिवार, रविवारी शिड्यांवर रांग लागते. पहाटेच्या गाडीने कसारा, तिथून जीपने घोटीमार्गे बारी. साडेआठला चढायला लागलो, बाराला देवीपाशी.

बऱ्याच गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे माझा पोंचो. कड्यावर वारा खालून वर येतो, पोंचोचा फुगा झाला आणि आतून पूर्ण भिजलो. फुजीवरही पाऊस असाच वाऱ्याबरोबर खालून मारतो म्हणतात, छत्रीचा उपयोग शून्य. जाकीट आणि पँट असा दोन तुकड्यांचा रेनसूट घ्यायचा. सूती कपडे बंद. इथे भिजलं की गार वाटतं, तिथे शिखरावर जुलैतलं सरासरी तापमान ५-६ अंश, पहाटे शून्याच्या आसपास.

दुसरं, माझ्या बुटाचा तळवा शेवटच्या शिडीखाली सुटला. सुतळीने बांधून उतरलो. चार वर्षं माळ्यावर पडलेला गोंद असाच दगा देतो. बरं झालं, इथे दिला.

तिसरं ताईचं. उतरताना एका कातळापाशी थांबली. दगडात वाटाण्याएवढी भोकं, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. लाव्हा थंड होताना आतली वाफ अडकली त्या या जागा. "फुजीही बेसाल्टचाच, आपल्या या काळ्या दगडाचाच," ती म्हणाली. असे उंच निमुळते ज्वालामुखी बहुधा अँडेसाइट या दुसऱ्या दगडाचे असतात, फुजी त्यात वेगळा. आपला दगड भेगांतून पसरला म्हणून पठार झालं, तिथला एका तोंडातून राख-लाव्हा, राख-लाव्हा असा साचत गेला म्हणून शंकू. वयाने तो एक लाख वर्षांचा. आजचा दिसणारा शंकू तर गेल्या दहा हजार वर्षांतला. आणि पावसात उभं राहून तिने जे सांगितलं ते माझ्या कामाचं निघालं : नवा बेसाल्ट झिजलेला नसतो, तो खडीसारखा सुटा असतो. उतरायची पूर्ण वाट घसाऱ्याची असणार.

तेव्हा गुडघ्याचा प्रश्न चढाईचा नाही, उतरण्याचा आहे. चार तास घसारा. दोन काठ्या, नी-कॅप आणि बुटात खडी जाऊ नये म्हणून गेटर. यादीत टाकलं.

२१ जून, शनिवार

डॉक्टर. ताईचं ब्लडप्रेशर गोळीवर ताब्यात. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. याचा सराव ठाण्यात होत नाही, कळसूबाईवरही नाही. पस्तीस काय, सत्तर फेऱ्या मारल्या तरी नाही. उपाय एकच, सावकाश. पाचव्या टप्प्यावर उतरल्यावर तास-दीड तास नुसतं बसायचं, पाणी पीत राहायचं. डोकं दुखलं, मळमळलं तर वर जायचं नाही. विरळ हवेवरच्या गोळीबद्दल विचारलं, तर त्यांनी आधी सल्फाची ॲलर्जी विचारली. मला आहे. म्हणजे गोळी नाही. ताईचा चेहरा बघण्यासारखा होता. आजवर सगळ्यांचं लक्ष तिच्या गुडघ्यावर.

व्हिसाचे कागद : रिटर्न, बँक स्टेटमेंट, दिवसवार कार्यक्रम. शेवटचा तक्ता मी असा भरला की खिडकीवरच्या मुलीने दोनदा पाहिला.

२९ जून, रविवार

भांडण. विषय सूर्योदय.

फुजीवर बहुतेक जण त्यासाठीच जातात. रात्री एकला उठायचं, डोक्याला बॅटरी बांधायची, अंधारात रांगेत एकेक पाऊल, साडेचारला शिखर. या उगवत्या सूर्याला 'गोराइको' म्हणतात, मान आहे त्याला. माझ्या तक्त्यात तसंच होतं. ताई नाही म्हणाली. "सूर्य पारसिकच्या डोंगरामागून रोज उगवतो, तुझ्या खिडकीतून दिसतो. मला खड्डा बघायचाय. रात्री एकला, अर्धी झोप, गार वारा, विरळ हवा, पुढच्याच्या टाचेला माझं नाक. वर पोहोचून काय दिसणार मला?"

मी म्हटलं, लोक वेडे आहेत का? ती म्हणाली, आहेत. जेवणं गप्प झाली.

रात्री नकाशा पुन्हा पाहिला. योशिदाची वाट डोंगराच्या ईशान्य अंगाने चढते, सूर्य झोपडीच्या दारातूनही दिसतो. पावणेपाचच्या आत उगवतो. तो बघायचा, डबा खायचा, पाचला उजेडात निघायचं. तोवर गर्दी वर गेलेली. उरलेले पावणेसातशे मीटर तीन-साडेतीन तासांत, साडेआठपर्यंत विवराच्या कडेला. हेच बरोबर आहे. फोन केला. ती म्हणाली, "झोपले होते मी."

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पातळी १. योशिदा सुरू झालीय. सकाळी जिन्याच्या वीस फेऱ्या, मग साबुदाण्याची खिचडी. टीव्हीवर पंढरपूर.

फुजीलाही वारी होती. एदो काळात, म्हणजे टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा, गावोगावी फुजीच्या मंडळ्या असत, पांढरे कपडे, हातात काठी, आणि चढताना 'रोक्कोन शोजो' असा गजर. सहा इंद्रियं शुद्ध होवोत : डोळे, कान, नाक, जीभ, शरीर, मन. काठीवर टप्प्याटप्प्याला तापल्या लोखंडाचा शिक्का मारून घ्यायची पद्धत अजून आहे. आठव्या टप्प्यापासून वरचा डोंगर आजही देवस्थानाच्या मालकीचा. देवी आहे, कोनोहानासाकुया-हिमे. पण १८७२ पर्यंत बायकांना वर बंदी! देवीच्या डोंगरावर. १८३२ मध्ये ताकायामा तात्सु नावाची बाई पुरुषाच्या वेशात चढली होती. ताईने हे दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "तिच्या नावाने एक लाडू वर खाऊ."

लाडूंवरून : झोपडीत रात्री बहुधा मांसाची करी. ताई शाकाहारी. दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, खजूर, मेतकूट, भडंग. वर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे चहा कसा होईल याचीच मला चिंता.

१३ जुलै, रविवार

सामान मांडून वजन. माझी सॅक ७.४ किलो, ताईची ५.१. सगळी यादी लिहीत नाही. घेतलेलं : दोन बॅटऱ्या, जास्तीचे सेल, लोकरी टोपी, हातमोजे, नवे बूट (एव्हाना तीन वेळा येऊर केलेले). काढलेलं : माझी दुर्बीण. शंभर येनची नाणी टोकियोला घ्यायची, वर संडासाला दर वेळी पैसे टाकावे लागतात. कचरापेट्या नाहीत, कचरा खाली आणायचा, पिशव्या चार.

ताईला मुलांना दाखवायला एक लाव्हाचा तुकडा आणायचा होता. राष्ट्रीय उद्यान आहे, दगड उचलायला मनाई. तिने वाद घातला नाही, फक्त विचारलं, "बुटात अडकून आला तर?" वहीत नोंद : बूट तिथेच झटकणे.

१८ जुलै, शुक्रवार

पातळी १. व्हिसा, पासपोर्ट, येन, आरक्षणं : प्रत्येकावर दोन सह्या. विमान उद्या पहाटे. ताई संध्याकाळीच माझ्याकडे आली, कारण नेरूळहून पावसात सहारचा विमानतळ गाठायचा म्हणजे वेगळा प्रकल्प. तिच्याकडून नवी मुंबईचा नवा विमानतळ हाकेवर, पण उद्घाटन व्हायचंय.

रात्री नऊला तिने वही मागितली. पहिल्या पानापासून वाचली. ११ मेच्या नोंदीपाशी हसली. मग विचारलं, "परत फिरायची वेळ कुठाय?"

होती, २९ जूनच्या मागच्या पानावर. २३ तारखेला सकाळी दहा. दहा वाजता जिथे असू तिथून खाली, शिखर समोर दिसत असलं तरी.

"ही वही वर येणार आहे?"

"सॅकमध्ये."

"म्हणजे तू उघडणार नाहीस." तिने वहीतलं कोरं पान फाडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी लिहिलं : दहा. खाली सही केली. तिने तिची केली, घडी घातली आणि नी-कॅपच्या खिशात ठेवली.

टॅक्सी साडेअकराला सांगितलीय.